केल्यावर कळणारं

पाचशे पानांच्या स्वयंपाकात मीठ घालताना आचारी तराजू काढत नाही. आमटीचं पातेलं चुलाणावर रटरटत असतं. तो मिठाच्या डब्यात हात घालतो, मूठ भरतो, तिच्यातलं थोडं परत सोडतो आणि उरलेलं पातेल्यात गोल फिरवत टाकतो. मूठ भरून थोडं सोडण्याच्या त्या एका हालचालीत सगळं ज्ञान असतं. त्याला कुणी कौतुकानं विचारलं, की एवढ्या मोठ्या पातेल्याचा अंदाज येतो कसा, तर तो म्हणतो, “त्यात काय एवढं? सवय झालीये.” हा विनय नसतो. त्याला खरोखरच तसं वाटत असतं. तहसील कचेरीतला एखादा जुना कारकून सातबाऱ्यावर नुसती नजर टाकून कुठला फेरफार चुकला आहे ते सांगतो. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती जादू वाटते आणि कारकुनाला रोजचं काम. एखादी नर्स वॉर्डात शिरते आणि रडणारं मूल तिच्या आवाजानंच शांत होतं, पण तिला विचारलं तर आपण काही केलं असं तिला वाटलेलंही नसतं. जे सहज जमतं त्याची मोजदाद माणूस करत नाही. त्याच्या लक्षात राहतं ते कष्टानं मिळवलेलं, किंवा आपल्याकडे असावं असं वाटूनही हाती न आलेलं. म्हणून आपल्या गुणांची यादी करायला कुणी बसलं की त्या यादीत बरेचदा आपले कष्ट उतरतात, इच्छा उतरतात, आणि जे खरं बळ असतं ते कागदाबाहेर राहून जातं.

अलीकडे ही यादी सगळ्यांनाच करावी लागते. नोकरीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना असतो आणि मुलाखतीत तिच्यावर प्रश्न असतो. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेली मुलं-मुली ‘मी मेहनती आहे, मला टीममध्ये काम करायला आवडतं, मी लवकर शिकतो’ अशी उत्तरं मनात घोकत असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हाताखालून अजून एकही पुरतं काम गेलेलं नाही, त्यांना तो प्रश्न फार लवकर विचारला जातो, एवढंच. मग ती उत्तर शोधायला आत डोकावतात, आणि आत दिसतात ती शाळेतली प्रगतिपुस्तकं, आईवडिलांची मतं, मित्रांशी केलेल्या तुलना. व्यवस्थापनशास्त्रावर आयुष्यभर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांनी १९९९ साली लिहिलेल्या ‘मॅनेजिंग वनसेल्फ’ या लेखात यावर एक साधी रीत सांगितली होती. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल असं आपल्याला वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्ष जे घडलं ते त्याच्याशी ताडून पाहायचं. या रीतीत माणसाला स्वतःकडे टक लावून बघायला कुठेच सांगितलेलं नाही. त्याला पाठवलं आहे ते परिणामांकडे. माझंही म्हणणं तेच आहे, फक्त मला ते थोडं पुढे न्यायचं आहे. आपलं बळ आपल्याला कळतं ते कामात, आणि कुठल्याही कामात नव्हे, तर ज्याच्या बऱ्यावाईटाचा भार दुसऱ्या कुणावर पडतो अशा कामात. आणि तिथे जे सापडतं ते बहुतेक वेळा आपण ज्याला गुण म्हणून कधी मानलंच नव्हतं, तेच असतं.

याचा मला सर्वांत भरीव वाटणारा पुरावा गडचिरोलीतला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावोगावी लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती आणि डॉक्टर कोसांवर होता. बाळाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे ओळखण्याची एक भरवशाची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं तान्हं पन्नास किंवा जास्त, तर काळजी करायला हवी. गावात बाळापाशी हक्कानं पोचणारी बाई म्हणजे सुईण. पण या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. कागदावरचा कुठलाही निकष लावला असता तर त्यांची नावं पहिल्याच फेरीत खोडली गेली असती. बंग दांपत्यानं त्यांच्यासाठी एक साधं उपकरण तयार केलं. एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि सोबत ओळीत ओवलेले मणी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवण्याची वेळ आली, तर तो न्यूमोनिया. मोजायचं फक्त दहापर्यंत.

या उपकरणाचं कौतुक साधेपणासाठी होतं आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्याच्या पलीकडचं काही महत्त्वाचं वाटतं. तान्ह्या बाळाचे श्वास मोजणं हे आकडे येण्या-न येण्याचं काम नाही. बाळ हातपाय हलवतं, मध्येच रडतं, श्वास एकसारखा चालत नाही, झोपडीत उजेड जेमतेम असतो, आणि भोवती घाबरलेली माणसं असतात. अशा वेळी एक मिनिट नजर न हलवता एका इवल्याशा पोटाच्या वरखाली होण्याकडे बघत राहणं, हे शिकलेल्या माणसालाही अवघड जातं. सुइणीला ते येत होतं. बाळंतिणीच्या उशाशी रात्र-रात्र बसून, कळांमधलं अंतर जोखून, हाताच्या स्पर्शानं पोटातल्या बाळाची बाजू ओळखून तिच्यात ही स्थिर नजर तयार झाली होती. पण तिला स्वतःला, किंवा गावातल्या कुणाला, ‘ही बाई उत्तम निरीक्षक आहे’ असं म्हणावंसं कधी वाटलं असेल का? मोजता येत नाही ही तिची उणीव सगळ्यांना दिसत होती. बघता येतं हे बळ दिसायला मणी आणि वाळू लागली, आणि त्याहून अधिक म्हणजे एक आजारी बाळ लागलं, ज्याचं पुढे काय करायचं हे तिच्या बघण्यावर ठरणार होतं.

पुढे याच वाटेनं काम वाढलं. बेताचं शिक्षण झालेल्या गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडल्यास जेंटामायसीनचं इंजेक्शन देणं, ही तोवर रुग्णालयाच्या भिंतींआड होणारी कामं त्या घराच्या पडवीत करू लागल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दर हजार जन्मांमागे नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण ६२ वरून २५ च्या आसपास आलं होतं. तो आकडा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात नोंदला गेला. पण त्याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनं बघितलं, तर त्यात त्या स्त्रियांचाही शोध आहे. रात्री-अपरात्री हाकेला जाण्याचं धाडस, सासूशी न भांडता तिचं मन वळवण्याची हातोटी, सुई टोचताना न थरथरणारा हात, हे गुण त्यांच्यात प्रशिक्षणाच्या आधी कुणी तपासले नव्हते. तपासायचे म्हटले असते, तरी कशावर तपासणार होते?

इथे ‘अर्थपूर्ण काम’ म्हणजे काय हेही थोडं स्पष्ट होतं. तो शब्द हल्ली इतका वापरला जातो की त्याला उदात्ततेचा वास येऊ लागला आहे. काम उदात्त असण्याची गरज नाही. आचाऱ्याची आमटी उदात्त नसते. कामाचा शेवट करणाऱ्याला दिसायला हवा आणि त्या शेवटी कुणीतरी माणूस असायला हवा, मला एवढंच पुरेसं वाटतं. पंगतीत कुणी आमटी दुसऱ्यांदा मागतो, कुणी वाटी तशीच सरकवतो; आचाऱ्याला दारात उभं राहून दोन्ही दिसतं. असं उत्तर ज्या कामातून परत येत नाही, त्यात माणूस वर्षानुवर्षं राबला तरी स्वतःबद्दल त्याला फारसं काही कळत नाही. दमतो मात्र नक्की.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्याकडे या नजरेनं पाहावंसं वाटतं. तरुण वयात सहावीच्या परीक्षेसाठी ते कोकणातल्या मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि वयानं लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं गेलं नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. स्वभावानं भिडस्त. सभा गाजवणाऱ्या वक्त्यांच्या त्या काळात, टिळक-आगरकरांच्या पुण्यात, सुधारकाच्या अंगी जे गुण असावेत अशी समजूत होती, त्यांतले बरेचसे त्यांच्याकडे नव्हते. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. ते काम त्यांच्या हातून झालं, पण त्यातूनच त्यांना दुसऱ्या कामाची वाट दिसली. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला, आणि कॉलेजातलं शिकवणं संपवून कर्वे पुण्याहून हिंगण्याला पायी जाऊ-येऊ लागले. चिखल, काळोख, पाऊस यांतून. कोकणातून सातारा गाठणारे तेच पाय. एका वर्षी ज्या चालण्यातून काही हाती लागलं नव्हतं, तेच चालणं आता एका संस्थेचा कणा झालं. दारोदार जाऊन लहान-लहान रकमा मागणं, त्यांचा चोख हिशेब ठेवणं, उद्या पुन्हा जाणं, हे त्यांचं बळ होतं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापलं आणि सत्तरी उलटल्यावर त्याच्यासाठी निधी गोळा करत जगभर प्रवास केला. गणिताच्या त्या भिडस्त शिक्षकाला पंचविसाव्या वर्षी कुणी ‘तुझं बळ कशात आहे’ असं विचारलं असतं, तर ‘मी न थकता मागू शकतो’ हे उत्तर त्याला सुचणं मला तरी अशक्य वाटतं. भिडस्त माणसानं मागणाऱ्याचं काम अंगावर घेतलं ते हिंगण्याच्या मुलींना जेवायला लागत होतं म्हणून.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. ज्यांना यश मिळालं त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. कर्व्यांइतकेच चालणारे आणि कुठेच न पोचलेले कितीतरी असतील. यशाच्या टोकावर उभं राहून मागे पाहिलं की प्रत्येक वळण अर्थपूर्ण दिसतं. हे खरं आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. म्हणूनच मला गडचिरोलीचा पुरावा अधिक मोलाचा वाटतो. तिथे निवडलेली एखादी असामान्य व्यक्ती नव्हती. बऱ्याच गावांतल्या, इतिहासात नाव नसलेल्या बायका होत्या, आणि परिणाम त्यांच्यातल्या एखादीचा नव्हे तर सगळ्यांचा मिळून मोजला गेला. शिवाय मी म्हणतो आहे ते ‘काम केलं की यश मिळतं’ असं नाहीच. काम केलं की उत्तर मिळतं, एवढंच. ते उत्तर नकारार्थी असलं तरी ते स्वतःविषयीचं ज्ञानच असतं, आणि कल्पनेतल्या होकारापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले होते. रंग हाताळू लागल्यावर लक्षात आलं की काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीनं हा निकालच होता. पण रंग गेले तरी रेषा शाबूत होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, पुढे मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडानं जमीन नासते अशी भीती असल्यामुळे सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इथे दुसऱ्या आक्षेपाचंही निम्मं उत्तर आहे. लोक म्हणतील, कामात वर्षं घालवण्यापेक्षा कलचाचणी घ्यावी. तासाभरात निकाल मिळतो. चाचण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. लक्ष्मणरावांना रंगांधळेपणाची साधी तपासणी आधी मिळाली असती तर एक निराशा वाचली असती. काय नाही, हे चाचणी अनेकदा चांगलं सांगते. पण लोखंडी नांगर नको म्हणणाऱ्या शेतकऱ्यासमोर हा माणूस चिडणार नाही, त्याचं बोलणं ऐकून घेईल आणि नांगर विकला जाईपर्यंत धीर धरेल, हे सांगणारी प्रश्नपत्रिका अजून कुणी काढलेली नाही. तसा धीर कुणाच्याही अंगात सुटा पडून राहिलेला नसतो. समोर तो शेतकरी असावा लागतो.

याहून मला जास्त अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे. बळ कामातून कळतं असं म्हटलं, की ज्यांना तसं काम कधी मिळालंच नाही त्यांचं काय? जातीनं ज्यांचं काम जन्माआधीच ठरवून टाकलं, बाई म्हणून ज्यांना उंबऱ्याच्या आत ठेवलं, त्यांच्यात बळ नव्हतं असं म्हणायचं का? उलट आहे. या म्हणण्यातून निघणारा सर्वांत कडू निष्कर्ष हाच, की दार बंद केल्यानं माणसाची संधी जाते आणि तिच्याबरोबर स्वतःला ओळखण्याची वाटही जाते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नकार दिला. त्या हटून बसल्या. मग अटी घालून, परीक्षा पाहण्यापुरतं वर्षभर घेतलं गेलं. त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांचं मत बदललं आणि त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. १९३९ साली कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. रामन यांच्यासारख्या नोबेलविजेत्याच्या नजरेलाही जे काम सुरू होण्याआधी दिसलं नाही, ते इतरांना दिसेल असा भरवसा कसा धरायचा? ‘आधी लायकी दाखव, मग काम देतो’ हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं. पण लायकी दिसते तीच कामात, त्यामुळे त्या वाक्यानं दार कायमचं बंद करता येतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसं केलं गेलं आहे.

आणि दार उघडलं तरी गोष्ट संपत नाही. गडचिरोलीच्या अनुभवातून घडलेली घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत २०११ पासून देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात आली. आशा योजना सुरू झाली २००५ मध्ये, आणि सुरुवातीपासून आशाताईंची नोंद कर्मचारी म्हणून नव्हे, स्वयंसेविका म्हणून आहे. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. योग्य मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशाताई पुन्हा पुन्हा संपावर गेल्या, मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या. ‘तुमच्यात सेवेची वृत्ती उपजतच आहे’ हे त्यांना भाषणांतून ऐकवलं जातं. एखाद्याचं बळ ओळखण्यात हा धोका नेहमी असतो, आणि तो नाकारून चालणार नाही. गुण म्हणून ज्याचा गौरव केला त्याचीच फुकट वसुली होते, आणि बायकांच्या बाबतीत तर हमखास होते. तिची माया, तिचा सोशिकपणा, सगळ्यांना सांभाळून घेण्याची तिची हातोटी हे सगळं निसर्गाचं देणं ठरवलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून बळ ओळखलं गेलं याची खरी खूण टाळ्या नव्हेत. त्या बाईचा शब्द चालतो का, औषधं वेळेवर आली नाहीत असं तिनं सांगितलं तर कुणी हलतं का, तिला नियमित वेतन मिळतं का, या खुणा बघाव्या लागतात. आपल्या कामाचं मोल करा असं आझाद मैदानावर बसून म्हणणारी आशा आपलं बळ विसरलेली नाही. ते तिला नेमकं कळलं आहे, म्हणूनच ती तिथे बसली आहे.

राहतो तो एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला अजून पुरतं सापडलेलं नाही. आजची पुष्कळशी कामं अशी कापली गेली आहेत की करणाऱ्याला त्यांचा शेवट दिसतच नाही. अर्ज एकजण तपासतो, दुसरा पुढे ढकलतो, तिसरा मंजूर करतो, आणि ज्याचा अर्ज आहे तो माणूस तिघांपैकी कुणालाच भेटत नाही. कॉल सेंटरमधला मुलगा दिवसभर लोकांच्या अडचणी ऐकतो, पण त्या सुटल्या की नाही हे त्याला सांगायला परत कुणी फोन करत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त कॉल किती मिनिटांत संपवला याचा आकडा. आशाताई सुद्धा वह्या भरते, मोबाइलमध्ये माहिती चढवते, ती माहिती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, राज्याच्या अहवालात मिसळते. तिनं वजन केलेली तिच्या गावातली बाळं यंदा गेल्या वर्षीपेक्षा बरी आहेत का, हे त्या वरच्या आकड्यांतून गाळून तिच्या हातात परत देण्याची तजवीज किती ठिकाणी असते? आकडे वर पाठवण्यासाठी आपण एवढ्या वाटा बांधल्या. तिच्यापर्यंत खाली येणारी एक वाट बांधायला फार पैसे लागणार नाहीत. ती बांधायची आहे असं कुणाला तरी वाटावं लागेल.